बावीस बॅगा, एक मार्का

क्रूझवर पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी एक पथ्य पाळावं. मला काही विचारू नये.

आमच्या भिवंडीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. विषय, 'प्रथमच क्रूझवर जाणाऱ्यांसाठी उपयुक्त सूचना'. संपादक म्हणाले, भाऊ, तुम्ही जाऊन आलात, तुम्हीच लिहा. संपादक स्वतः त्याच जहाजावर होते. त्यामुळे ते हे मनापासून म्हणाले की चेष्टेने, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. सूचना मी देणार आहे. पण एकेक सूचना मला कशी कळली ते सांगितल्याशिवाय ती देण्याचा मला अधिकार नाही, आणि ते सांगायला बसलो की लेखाचा लेख राहत नाही.

माझं नाव केसरीनाथ. गावात सगळे भाऊ म्हणतात. छत्तीस वर्षं मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होतो. नारपोलीच्या लूमवर विणलेलं कापड गाठी बांधून आमच्याकडे यायचं आणि आमच्या ट्रकने बालोतरा, पाली, अहमदाबादला जायचं. गाठीवर तरट शिवलेलं, आणि तरटावर काळ्या रंगाने मार्का मारलेला. मार्का म्हणजे त्या पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, खूण. त्रिकोणात किंवा चौकटीत दोन अक्षरं, खाली नंबर. चाळीस गाठींचा लॉट असला की एक बटा चाळीस, दोन बटा चाळीस, असं शेवटपर्यंत. हमालाला अक्षर वाचता आलं नाही तरी त्रिकोण दिसतो. एका मार्क्याचा माल एकत्र चढतो, एकत्र उतरतो आणि एकाच दारात जाऊन पडतो. छत्तीस वर्षांत माझी एक गाठ चुकीच्या दारात गेली नाही. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा मला बघून बोटाने हवेत त्रिकोण काढतात.

आमची मुलगी आसावरी, वय सत्तावीस, एका क्रूझच्या जहाजावर रिसेप्शनच्या काउंटरवर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिने ही नोकरी धरली तेव्हा मी तिला अकरा कारणं सांगितली होती, ती का धरू नये याची. तिने सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. गावात मी "ती पोर्टाजवळच्या ऑफिसात आहे" असं सांगत राहिलो. खोटं म्हणाल तर खोटं नव्हतं. जहाज पोर्टाजवळ उभं असायचंच, आठवड्यातून दोनदा.

मग गेल्या वर्षी आमच्या मंडळात क्रूझचं वारं शिरलं. मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्री. आसावरीने ग्रुप बुकिंगमध्ये सवलत मिळवून दिली, त्यामुळे ती कुठे काम करते हे झाकून ठेवायचा प्रश्नच उरला नाही. मंडळातली अकरा माणसं तयार झाली. त्यात मी, माझी बायको प्रमोदिनी आणि आमच्या शेजारच्या जानकीबाई. जानकीबाई मूळच्या जवळच्याच कोन गावच्या. वय शहात्तर, साखरेचा आजार, आणि तोंडाला लगाम असा नाहीच.

निघायच्या आठ दिवस आधी आसावरीचा फोन आला.

"बाबा, एक नीट ऐका. परदेशी फेऱ्यांच्या मोठ्या जहाजावर पाठवायला माणसं निवडताहेत. आमच्या काउंटरवरच्या दोघींपैकी एक जाणार. या फेरीत आमच्यावर लक्ष ठेवणार आहेत. तुमचा ग्रुप माझ्या नावाने बुक झालाय, त्यामुळे काही गोंधळ झाला तर तो माझ्या नावावर पडेल."

"गोंधळ? माझ्याकडून?" मी म्हटलं. मला खरंच हसू आलं होतं.

"मी सगळ्यांचे बॅगांचे टॅग पाठवलेत. त्यावर केबिन नंबर छापलेले आहेत. प्रिंट काढायची आणि ज्याने त्याने आपापल्या बॅगेला लावायची. एवढंच सांगा त्यांना. बाकी काही सांगू नका. प्लीज, बाबा."

"बरं," मी म्हटलं. हे बरं मी कसं पाळलं ते आता सांगतो.

दुसऱ्याच दिवशी मी मंडळाच्या हॉलमध्ये सभा बोलावली आणि एकोणीस सूचना दिल्या. मी उभ्या जन्मात मुंबईहून मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचपेक्षा मोठ्या बोटीत पाय ठेवला नव्हता, आणि त्या लाँचमध्येसुद्धा उलटी झाली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण काही उगाच झालेली नाही. एकोणीसपैकी फक्त तीन सांगतो, कारण बाकीच्यांनी कुणाचं नुकसान झालं नाही.

सूचना चौथी. प्रत्येकाने एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा, केबिनमध्ये प्लग कमी असतात. वस्तुस्थिती अशी की जहाजावर आगीच्या भीतीने एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही, इस्त्री चालत नाही, पाण्याची कॉइल तर नाहीच नाही. धक्क्यावरच्या तपासणीत आमचे अकराच्या अकरा बोर्ड बाहेर निघाले. तपासणाऱ्या बाईंनी ते ओळीने मांडले आणि विचारलं, आपका दुकान है क्या?

सूचना नववी. औषधं मोठ्या बॅगेत तळाशी ठेवावी, म्हणजे हात मोकळे राहतात. ही सूचना वाचणाऱ्याने नेमकी उलटी करून पाळावी. मोठी बॅग धक्क्यावर सोपवली की ती केबिनपर्यंत यायला चार तासही लागतात. औषधं, एक कपड्यांचा जोड, चष्मा आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीतच हवीत. मी हे आता सांगतोय. जानकीबाईंना तेव्हा सांगायला हवं होतं.

आणि सूचना तेरावी. कागदाचे टॅग लावूच नयेत.

"कागद हा टिकत नाही," मी सभेत म्हणालो. "माणकोली नाक्यापर्यंत पोचायच्या आत फाटेल. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे माझा. मी मार्का मारून देतो." मी स्टेन्सिल कापून आणली होती. त्रिकोणात के.ना., म्हणजे मीच. खाली एक बटा बावीस, दोन बटा बावीस. पांढरा ऑइलपेंट. जानकीबाईंची लाल बॅग अगदी नवी होती, मुलाने घेऊन दिलेली. त्यांनी ती क्षणभर मागे ओढली. मी ती पुढे घेतली आणि चौदा बटा बावीस मारलं. कुठला नंबर कुणाचा याची यादी करून मी शर्टाच्या खिशात ठेवली. आसावरीने पाठवलेले छापील टॅग मी एका फायलीत नीट लावले, का तर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, जशी मालासोबत न ठेवता ऑफिसात देतात तसे ते काउंटरवर देऊ म्हणून. माझ्या डोक्यात सगळं अगदी चोख होतं.

बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर गर्दी म्हणजे किती गर्दी. हमालाने आमच्या ढिगाकडे पाहिलं. बावीस बॅगा, सगळ्यांवर पांढरा त्रिकोण.

"चाचा, टॅग किधर है?"

"टॅग की जरूरत नहीं. ये मार्का देखो."

"सब एकही पार्टी का माल है?"

माझा ऊर असा भरून आला की काय सांगू. मुंबईच्या धक्क्यावर मला माझी भाषा बोलणारा माणूस भेटला होता. "हां भाई," मी म्हटलं, "सब एकही पार्टी का."

"रूम नंबर?"

मी माझा सांगितला. सात हजार एकशे चौदा. त्याने खडूने भराभरा बावीस ठिकाणी तो लिहून टाकला आणि माल आत गेला. मी मागे वळून मंडळींकडे पाहिलं, की बघा, याला म्हणतात काम.

जहाजात पाय ठेवल्यावर पहिले दोन तास फार मजेत गेले. इथे एक खरी सूचना आहे, ती कुणाच्याही नुकसानीतून आलेली नाही. जहाजातले सगळे मार्ग, सगळी दारं, सगळे गालिचे सारखे दिसतात, तेव्हा आपला मजला आणि केबिन नंबर हातावर लिहून ठेवावा. मी लिहिला नव्हता आणि धक्क्यावर पाठ असलेला आकडा आत येईतो विसरलो होतो, म्हणून मी केबिनमध्ये गेलोच नाही, प्रमोदिनीबरोबर वरच्या डेकवरच बसलो. जेवणाच्या हॉलमध्ये चाळीसेक पदार्थ मांडलेले होते आणि मी त्यांतले सव्वीस खाल्ले. मग चारच्या सुमाराला आमची मंडळी एकेक करून माझ्याकडे यायला लागली. भाऊ, आमच्या बॅगा आल्या नाहीत. आमच्याही नाही. जानकीबाई रिकाम्या ताटासमोर बसलेल्या दिसल्या.

"जेवला नाहीत?"

"जेवनाआधी गोली घ्यावी लागतं. गोली हाय ब्यागंत. ब्याग हाय तुज्या त्रिकोनात," त्या म्हणाल्या. "मंग काय जेवू?"

आमच्या धंद्यात माल हरवला की पहिला नियम असतो. आधी आवाज चढवायचा, मग शोधायचं. आवाज चढवला की चूक समोरच्याची ठरते. मी उठलो. "चला माझ्याबरोबर," मी दहा जणांना म्हटलं, "लेखी तक्रार करू." आणि मी पुढे, मागे दहा म्हातारी माणसं, असे आम्ही रिसेप्शनच्या काउंटरवर येऊन उभे राहिलो.

काउंटरवर आसावरी होती. निळा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. तिच्या मागे दोन पावलांवर तिचा वरिष्ठ उभा होता. कुणाल म्हणून पस्तिशीचा तरुण, हातात टॅब. लक्ष ठेवणारा माणूस तो हाच, हे मला बघताक्षणी कळलं. तरी मी आवाज चढवलाच. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"बावीस बॅगा गायब आहेत," मी काउंटरवर हात आपटून म्हटलं. "साखरेची पेशंट उपाशी बसलीय. ही काय पद्धत झाली? तक्रारवही आणा."

मागे रांगेत उभे असलेले परके प्रवासी माझ्याकडे बघायला लागले. आसावरीने आधी जानकीबाईंना खुर्ची दिली. त्यांच्या गोळीचं नाव विचारलं आणि जहाजाच्या दवाखान्यात फोन केला. पाच मिनिटांत एक नर्स येऊन त्यांना घेऊन गेली. मग ती माझ्याकडे वळली.

"सर, बॅगांना टॅग लावलेले होते?"

तिने मला सर म्हटलं. जन्मात पहिल्यांदा. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी तेव्हा सर म्हणवून घ्यायच्याच तोऱ्यात होतो.

"टॅग काढून ठेवलेत. मार्का मारलाय. ऑइलपेंटचा."

तिने एक क्षण डोळे मिटले. फोन उचलला, कुणाला तरी विचारलं, सात हजार एकशे चौदासमोर बघा. तिकडून उत्तर आलं असावं, कारण तिने "बावीसही?" असं विचारून फोन ठेवला. तेवढ्यात कुणालच्या हातातलं वॉकीटॉकी बोलू लागलं. सातव्या मजल्यावरच्या एका केबिनसमोर बावीस बॅगांचा ढीग लागलाय, मार्ग बंद झालाय, आणि सुरक्षेच्या कवायतीला वीस मिनिटं राहिलीत. आणि त्यातल्या एका लाल बॅगेतून सुक्या बोंबलांचा वास येतोय, त्याचं काय करायचं, अशी विचारणा होती.

ही कवायत म्हणजे चेष्टा नव्हे, ही पण सूचना समजा. जहाज हलायच्या आधी प्रत्येक प्रवाशाला धोक्याच्या वेळी कुठे जमायचं ते दाखवतात. ती झाल्याशिवाय जहाज सोडत नाहीत, आणि मार्गात माल पडलेला असला तर ती होत नाही. म्हणजे माझ्या मार्क्यामुळे जवळजवळ दोन हजार माणसं धक्क्याला अडकून पडली होती.

कुणालने टॅब बंद केला. आवाज शांत होता. "टॅग लावू नका असं या ग्रुपला कोणी सांगितलं?"

मला उत्तर माहीत होतं. माझ्या मागच्या नऊ माणसांनाही माहीत होतं. ती सगळी सभेला होती. पण भिवंडीची माणसं भिडस्त. एकजण छताकडे बघत होता, संपादक चष्मा पुसत होते, प्रमोदिनी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. खिशातल्या यादीवर हात ठेवला. आणि तोंड मिटलं.

"सर, ग्रुपला सूचना द्यायचं काम माझं होतं," आसावरी म्हणाली. "टॅगचं महत्त्व मी नीट समजावलं नाही. माझी चूक आहे. मी स्वतः जाऊन बॅगा वाटते."

कुणालने मान हलवली आणि टॅबवर काहीतरी लिहिलं. मी ते लिहिताना बघत राहिलो. एवढंच केलं.

बॅगा तिने आणि आणखी दोघांनी वाटल्या. कुठला नंबर कुणाचा याची यादी माझ्याजवळ होती, ती मी तिच्या हातात दिली. तिने "थँक यू, सर" म्हणून घेतली. पासष्टाव्या मिनिटाला मार्ग मोकळा झाला, मग कवायत झाली. जहाज पाऊण तास उशिरा सुटलं. बोंबील मात्र जप्त झाले. जानकीबाईंनी तीन दिवस त्यांचं दुःख केलं.

केबिनमध्ये आल्यावर प्रमोदिनी पलंगावर बसली आणि म्हणाली, "तिने आपल्या अंगावर घेतलं. आणि तुम्ही बघत राहिलात."

"मी बोलणारच होतो."

"छत्तीस वर्षं मी ऐकतेय तुमचं बोलणं. नको तिथे एक शब्द कमी पडला नाही कधी." एवढं बोलून तिने शाल घेतली आणि ती जानकीबाईंकडे गेली. त्यानंतर दीड दिवस ती माझ्याशी जेवलात का याखेरीज काही बोलली नाही.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात होता. चहूकडे पाणी, कुठेही किनारा नाही. जहाज हलत होतं आणि मी त्याहून जास्त. आल्याचा तुकडा चघळावा, क्षितिजाकडे बघावं आणि रिकाम्या पोटी राहू नये, ही सूचना जहाजाच्या डॉक्टरांची आहे म्हणून बिनदिक्कत पाळा. मी रेलिंगला धरून क्षितिजाकडे बघत होतो, पण मला तिथेही तो टॅबच दिसत होता. मी तिचं करिअर बुडवलं होतं. दुसऱ्या कुणी नाही, कुठल्या वादळाने नाही. मी, डबाभर ऑइलपेंटने. आणि ते सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण कसला प्रयत्न केला तेही ऐका. दुपारी मी काउंटरवर गेलो आणि हळू आवाजात म्हटलं, "आसावरी, कालच्या त्याबद्दल."

"सर, मागे रांग आहे," ती म्हणाली. खरोखरच होती.

मग मला केबिनमध्ये अभिप्रायाचा फॉर्म सापडला. म्हटलं, हे बरं. लेखी असतं, उभं राहावं लागत नाही. पण त्या फॉर्ममध्ये लिहायला जागाच नव्हती. फक्त चांदण्या रंगवायच्या होत्या. जेवण, स्वच्छता, करमणूक, रिसेप्शन. मी सगळीकडे पाच पाच चांदण्या रंगवल्या, रिसेप्शनच्या पुढे पेनाने आणखी दोन काढल्या, आणि माझं कर्तव्य झालं असं स्वतःला पटवून संध्याकाळी तंबोला खेळायला गेलो. तंबोल्यात पहिली ओळ लागली. लाज बाजूला ठेवून मी ओरडलोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी गोवा पाहून आम्ही जहाजावर परतलो. संध्याकाळी पाचला एका मोठ्या दालनात सगळ्या प्रवाशांना बोलावलं होतं. दुसऱ्या सकाळी उतरताना काय करायचं ते सांगण्यासाठी. रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या, प्रत्येक बॅगेला रंगीत टॅग लावायचा, त्या रंगाप्रमाणे धक्क्यावर मिळतील. कुणाल माईकवर बोलत होता. आसावरी टॅगांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभी होती. दोनशे-अडीचशे माणसं असतील.

"टॅगशिवाय बॅग ठेवू नका," कुणाल म्हणाला. "येताना एका ग्रुपला आमच्याकडून नीट सूचना गेल्या नव्हत्या. त्याचा सर्वांना त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत."

आमच्याकडून. सगळ्यांसमोर. आसावरी खाली गठ्ठ्याकडे बघत होती.

मी उभा राहिलो. खरं सांगतो, धैर्य वगैरे काही नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले आणि मग बसता येईना, कारण सगळे बघायला लागले होते.

"तुमच्याकडून नाही," मी म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. "तुमच्याकडून नाही. सूचना नीट आली होती. टॅगही आले होते. ते मी लावू दिले नाहीत. बॅगांवर माझ्या नावाचा मार्का मी मारला. हमालाला माझी केबिन मी सांगितली. या मुलीची काही चूक नाही. परवा तिने चूक कबूल केली तेव्हा मी समोर उभा होतो आणि गप्प राहिलो. मी भिवंडीचा. ट्रान्सपोर्टमध्ये होतो. आणि मी तिचा बाप आहे."

मग पाठीमागून जानकीबाईंचा आवाज आला. तिथे माईक नव्हता आणि त्यांना तो लागतही नाही.

"आरं भाऊ, आमाला सगल्यांना ठावंच व्हतं. त्या पोरीला ठावं व्हतं. त्या कोटवाल्याला बी ठावं आसल. तू येकलाच लपला व्हतास. बस आता खाली."

लोक हसले. अडीचशे माणसं हसली आणि मी त्यांच्यात मधोमध उभा. कुणालही हसला. प्रमोदिनीने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं आणि तिचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोरीसाठी काहीतरी केलं. आता तो कुणाल टॅब उघडेल, जुनं खोडेल, नवं लिहील. बापाच्या कबुलीने मुलीचं नशीब फिरलं, असं मी मंडळाच्या पुढच्या सभेत कुठल्या शब्दांत सांगेन याची जुळवाजुळवही मी तिथल्या तिथे सुरू केली होती.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही उतरायच्या रांगेत होतो. आसावरी पाच मिनिटांची सुट्टी घेऊन आली. आज अंबाडा सैल होता. तिने आधी आईला मिठी मारली.

"झालं माझं, आई. पुढच्या महिन्यात मोठ्या जहाजावर. नऊ महिने."

प्रमोदिनी रडायला लागली. मी घसा खाकरला. "म्हणजे काल मी बोललो, त्याचा उपयोग झाला."

"नाही, बाबा. परवा दुपारीच ठरलं होतं."

"परवा? म्हणजे मी बोलायच्या आधी?"

"कुणाल सरांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. हमालाने सांगितलं, धक्क्यावर एक चाचा होते, एकच पार्टी म्हणाले. टॅगच्या सूचनेचा माझा मेलही त्यांनी बघितला. त्यांना एवढंच बघायचं होतं, समोरचा प्रवासी आरडाओरडा करतोय, चूक त्याचीच आहे, तर ही त्याला सगळ्यांसमोर तोंडावर पाडते का. माझ्या रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय. अवघड प्रवासी शांतपणे हाताळला."

अवघड प्रवासी. तो रिपोर्ट कुठल्या देशातल्या ऑफिसात गेला असेल देव जाणे, पण माझ्या मुलीच्या कामाच्या कागदावर मी आता कायमचा आहे, आणि तोही या नावाने.

"त्यांनी विचारलं मला," आसावरी हसत म्हणाली, "इतकं शांत राहायला कुठे शिकलीस. मी म्हटलं, मला सराव आहे."

प्रमोदिनी रडता रडता हसली. जानकीबाई तर हसू आवरेना म्हणून खुर्ची शोधायला लागल्या. मीही हसलो, कारण न हसून सांगणार कुणाला. पण आत कुठेतरी ते बसलं. जेवताना, अभ्यासाच्या वेळी, नोकरी धरताना, अकरा कारणं ऐकताना ती जी शांत बसायची, ती माझं पटलं म्हणून बसते असंच मी सत्तावीस वर्षं समजत होतो.

रांग पुढे सरकली. तिला परत जायचं होतं. जाता जाता ती थांबली आणि माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. लहानपणी मी तिची करायचो तशी.

"पण बरं केलंत काल," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल असं मला वाटलं नव्हतं, बाबा."

तिने ते कौतुकाने म्हटलं. टोमणा नव्हता त्यात, मी तिचा आवाज ओळखतो. आपला बाप खरं बोलला याचं पोरीला मनापासून आश्चर्य वाटलं होतं, आणि आनंदही झाला होता. धक्क्यावर उतरल्यावर, सगळ्या मंडळासमोर, मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.